मिथेनचा लोट वरून कसा शोधायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कचरा डेपोच्या दुर्गंधीची तक्रार करता येते, कारण ती नाकाला कळते. मिथेनला रंग नाही, वासही नाही. डेपोच्या पोटात ओला कचरा हवेविना कुजतो, त्यातून हा वायू तयार होतो आणि फटीफटींतून निघून जातो. शेजारच्या सोसायटीला त्याचा पत्ता लागत नाही. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला मात्र लागू शकतो.

२०२२ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांतल्या कचरा डेपोंवरून तासाला ३ ते २९ टन मिथेन निघताना दिसला होता. शहरांचं एकूण उत्सर्जन नेहमीच्या वापरातल्या अंदाजांपेक्षा १.४ ते २.६ पट निघालं. तेव्हापासून आपल्याकडे अनेक विद्यार्थी, पत्रकार आणि पर्यावरणाचं काम करणाऱ्या गटांना वाटू लागलंय की हे आपणही करून बघावं. करता येतं. बराचसा डेटा फुकट आहे, लॅपटॉप साधा चालतो. पण माहिती दहा ठिकाणी विखुरलेली आहे आणि माणूस नेमका कुठे फसतो ते सहसा कुणी लिहीत नाही. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधी समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही उपकरणं वायूला थेट बघत नाहीत. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि पुन्हा हवेतून वर जातो. मिथेन त्यातला ठरावीक प्रकाश गिळतो: साधारण १६५० नॅनोमीटरच्या आसपासचा थोडा आणि २३०० च्या आसपासचा बराच. वर पोहोचलेल्या प्रकाशात तेवढी तूट दिसते आणि त्या तुटीवरून वायू किती होता ते काढलं जातं. म्हणजे ऊन हवं, ढग नकोत आणि खालची जमीन पुरेशी उजळ हवी. जमिनीनेच तो प्रकाश गिळला, तर उपकरणाला तो मिथेनच वाटणार.

१. कोणता वायू, कोणता स्रोत हे आधी ठरवा

सुरुवात मिथेननेच करा. कार्बन डायऑक्साइड मोजणारे उपग्रह आहेत, नासाचा ओसीओ-२ तर २०१४ पासून फिरतोय. पण हवेत कार्बन डायऑक्साइड आधीच दहा लाख भागांत ४२० भागांच्या वर आहे. एखाद्या औष्णिक केंद्राने त्यात टाकलेली भर त्या मानाने इतकी लहान असते की नवख्याच्या हाती काही लागत नाही. मिथेन हवेत दहा लाखांत जेमतेम दोन भाग. त्यामुळे मोठी गळती उठून दिसते.

मग स्रोत. लोट दिसण्यासाठी वायू एका जागेतून जोरात निघावा लागतो: कचरा डेपो, तेल-वायूच्या विहिरी, कोळसा खाणींचे वायुवीजन मार्ग, मोठी सांडपाणी केंद्रं. कोकणातली भातखाचरं किंवा गोठे मिळून खूप मिथेन सोडत असतील, पण तो इतका पसरलेला असतो की लोट तयारच होत नाही. तिथे हा लेख उपयोगाचा नाही.

मुंबई हायचा मोह बऱ्याच जणांना होतो. समुद्रातलं तेलक्षेत्र, भोवती मोकळं पाणी, मग दिसायला सोपंच असणार! उलट आहे. या तरंगलांबीत पाणी जवळजवळ काळं असतं, त्यामुळे वर परत येणारा प्रकाशच नसतो. सूर्याचं चकाकतं प्रतिबिंब उपग्रहाच्या नेमक्या दिशेने येईल अशा कोनातच तिथे काही दिसतं. हे पुढच्या इयत्तेचं काम आहे.

आणि महिने. जून ते सप्टेंबर महाराष्ट्रावरची दृश्यं उघडून बघायचे कष्ट घेऊ नका. नोव्हेंबर ते मार्च हा आपला हंगाम.

२. साहित्य जमवा

- नासाचं अर्थडेटा खातं. फुकट आहे, ईमेल पुरतो.
- युरोपच्या कोपर्निकस डेटा स्पेसचं खातं. सेंटिनेल उपग्रहांची दृश्यं इथे ब्राउझरमध्येच बघता येतात.
- गुगल अर्थ इंजिनचं खातं. बिनव्यावसायिक कामासाठी फुकट, पण प्रकल्पाची नोंदणी करावी लागते. थोडी जावास्क्रिप्ट किंवा पायथन येत असेल तर बरं. नसेल तर तयार उदाहरणांत तारीख आणि जागा बदलून काम भागतं.
- क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर.
- कोपर्निकसच्या क्लायमेट डेटा स्टोअरचं खातं, वाऱ्याच्या आकड्यांसाठी.
- एक वही. दृश्याचं नाव, तारीख, वेळ, वारा, काय दिसलं आणि का पटलं नाही, हे सगळं त्यात. गंमत म्हणून सांगत नाही. आठवड्याभराने कोणत्या दृश्यात काय बघितलं होतं ते आठवत नाही.

जुने लेख वाचून साहित्याची यादी करत असाल तर एक लक्षात घ्या. त्यांत मिथेनसॅट या उपग्रहाचं नाव हमखास असतं. तो मार्च २०२४ मध्ये अवकाशात गेला आणि जून २०२५ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. त्याच्या नव्या दृश्यांची वाट बघू नका.

३. आधी पक्का लोट बघून डोळा तयार करा

इथे बहुतेक जण घाई करतात. थेट आपल्या गावचा डेपो उघडतात, चार रंगीत ठिपके दिसतात आणि त्यातच लोट शोधत बसतात. खरा लोट कसा असतो हे आधी डोळ्यांत बसायला हवं.

त्यासाठी तुर्कमेनिस्तानला जा. कॅस्पियन समुद्रकाठच्या हाझार गावाच्या पूर्वेला तेल-वायूचं क्षेत्र आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जुलै २०२२ मध्ये बसवलेल्या एमिट या उपकरणाला तिथे एकाच वेळी १२ लोट दिसले होते, त्यातले काही ३२ किलोमीटरहून लांब. गंमत म्हणजे एमिट मिथेनसाठी बनवलेलंच नव्हतं. वाळवंटातल्या धुळीत कोणती खनिजं आहेत हे शोधायला ते पाठवलं होतं. पण ते ३८१ ते २४९३ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश २८५ बारीक पट्ट्यांत मोजतं आणि मिथेनची खूण त्यातच येते.

कार्बन मॅपर या ना-नफा संस्थेचं पोर्टल उघडा. एमिटचे, प्लॅनेट या कंपनीच्या टॅनेजर-१ या उपग्रहाचे आणि विमानांतून टिपलेले लोट तिथे नकाशावर मांडलेले आहेत. हाझारचे बघा, मग अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाडजवळचे, मग तेहरानच्या दक्षिणेचा कचरा डेपो. प्रत्येकात तीन गोष्टी शोधा: उगमाशी टोक निमुळतं आणि गडद आहे का, पुढे तो रुंद आणि फिका होत जातो का, आणि खालचे रस्ते, शेतांचे बांध, इमारती यांच्याशी त्याच्या आकाराचं काही देणंघेणं नाही ना. पन्नासेक लोट बघितल्याशिवाय पुढच्या पायरीला जाऊ नका. कंटाळा येईल, पण तोच अभ्यास.

४. ढोबळ नकाशा: ट्रोपोमी

ऑक्टोबर २०१७ मध्ये अवकाशात गेलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावर ट्रोपोमी हे उपकरण आहे. रोज दुपारी दीडच्या सुमारास ते आपल्या डोक्यावरून जातं आणि जवळजवळ सगळी पृथ्वी टिपतं. किंमत अशी की त्याचा एक ठिपका (पिक्सेल) उभ्या नजरेत साधारण ५.५ गुणिले ७ किलोमीटरचा. देवनार आणि कांजूरमार्ग हे मुंबईचे दोन्ही डेपो काही किलोमीटरच्या अंतरात आहेत, जवळच माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, सांडपाणी केंद्रं आणि ठाण्याची खाडी. हे सगळं एक-दोन ठिपक्यांत मावतं. म्हणून ट्रोपोमीवरून ‘हा डेपो दोषी’ असं कधीही म्हणू नका. ‘या भागात काहीतरी आहे, जवळून बघायला हवं’ एवढंच तो सांगतो. वर उल्लेखलेल्या अभ्यासातही हेच केलं होतं: ट्रोपोमीने शहर हेरलं आणि मग जीएचजीसॅट या कॅनडातल्या कंपनीच्या बारीक नजरेच्या उपग्रहांनी डेपो.

अर्थ इंजिनमध्ये सेंटिनेल-५पीचा मिथेन संच उघडा. तो फेब्रुवारी २०१९ पासूनचा आहे. जमिनीच्या उजळपणानुसार दुरुस्ती केलेली पट्टी (बँड) निवडा, कच्ची नको. एका दिवसाचं दृश्य बघून निष्कर्ष काढू नका, निदान दोन-तीन महिन्यांची सरासरी घ्या.

आता या नकाशातला एक सापळा खास आपल्यासाठी. मुंबई-पुण्याचा नकाशा काढलात की कोकणपट्टी गडद आणि घाटमाथ्यापलीकडे फिकं दिसेल. कोकणातून मिथेन जास्त निघतो, अशी बातमी यावरून करू नका. वातावरणाच्या वरच्या थरांत, स्थितांबरात, मिथेन कमी असतो. जमीन उंच असली की तिच्यावरच्या हवेच्या स्तंभात खालची, मिथेन जास्त असलेली हवा कमी पडते आणि वरच्या हवेचा वाटा वाढतो. सरासरी आपोआप खाली येते. सह्याद्रीची भिंत मिथेनच्या नकाशात उमटते ती यामुळे. तुलना करायचीच तर एकाच उंचीच्या जागांची करा, आणि एकाच महिन्याची. पावसाळ्याच्या अखेरीस भातशेतीमुळे उत्तर भारतावरचा मिथेन एरवीही वाढलेला असतो.

५. जवळून बघा: एमिट

एमिटचा ठिपका ६० मीटरचा. कांजूरमार्गसारख्या डेपोवर असे शेकडो ठिपके बसतात, त्यामुळे लोट डेपोच्या कोणत्या भागातून उठतोय हेसुद्धा कधीकधी कळतं. अवकाश स्थानकाची कक्षा रोज त्याच वेळी त्याच जागी नेत नाही, म्हणून दृश्यं अनियमित मिळतात. एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, मग कित्येक दिवस काहीच नाही.

अर्थडेटाच्या शोधखिडकीत जागा आणि काळ टाकून आधी बघा की त्या जागेचं दृश्य मुळात घेतलं गेलंय का. हा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत. पोर्टलवर आपल्या डेपोवर लोट नाही म्हणजे डेपो स्वच्छ असं धरून चालतात. प्रत्यक्षात त्या महिन्यात उपकरण तिकडे फिरकलेलंच नसतं, किंवा फिरकलं तेव्हा ढग असतात. वहीत तीन रकाने करा: ‘बघितलं, दिसला’, ‘बघितलं, दिसला नाही’ आणि ‘बघितलंच नाही’. दुसरा आणि तिसरा रकाना एकत्र केलात तर तुमचा सगळा अभ्यास वाया गेला.

दृश्य असेल तर वाढीव मिथेनचा तयार नकाशा उतरवून क्यूजीआयएसमध्ये टाका. त्यातली किंमत ‘पीपीएम-मीटर’ या एककात असते: हवेच्या स्तंभात नेहमीपेक्षा किती जास्त मिथेन आहे याचं माप. रंगपट्टी स्वतः ठरवा आणि सगळ्या दृश्यांना तीच ठेवा. सॉफ्टवेअरला आपोआप ठरवू दिली तर प्रत्येक दृश्यात काहीतरी लालभडक दिसणारच, अगदी अरबी समुद्राच्या मध्यावरसुद्धा.

६. सेंटिनेल-२ वापरायचा का?

मोह होतो, कारण दर पाच दिवसांनी दृश्य मिळतं आणि ठिपका २० मीटरचा. पद्धत सोपी आहे. त्याची बारावी पट्टी, २१९० नॅनोमीटरच्या आसपासची, मिथेनमुळे जास्त काळवंडते. अकरावी, १६१० च्या आसपासची, कमी. दोन्हींचं गुणोत्तर काढायचं आणि ज्या दिवशी लोट नव्हता त्या दिवसाचं गुणोत्तर त्यातून वजा करायचं. उरेल तो लोट.

अल्जीरियातल्या हासी मेसाऊदच्या वाळवंटात हे सुरेख चालतं. तिथेही गळती साधारण तासाला एक ते तीन टनांच्या वर असावी लागते. मुंबईत जवळजवळ चालत नाही. डेपोवर रोज नवा कचरा, नवी माती, आज ओलं तर उद्या कोरडं, बाजूला कांदळवन आणि मिठागरं. जमीनच इतकी बदलते की दोन तारखांची वजाबाकी म्हणजे त्या बदलाचाच नकाशा होतो. त्यात डेपोला आग लागलेली असेल तर ज्वाळांचा स्वतःचा प्रकाश बाराव्या पट्टीत भरतो आणि गणित उलटंपालटं होतं. सरावासाठी हासी मेसाऊद करून बघा. आपल्या शहरांसाठी मी तरी याच्या नादी लागणार नाही.

७. खोटे लोट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोट ‘सापडणं’ फार सोपं आहे. सापडलेला लोट खोटा ठरवायचा मनापासून प्रयत्न करणं अवघड, आणि या कामाची विश्वासार्हता त्यावरच ठरते.

चुनखडी आणि संगमरवर २३४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळतात, मिथेनच्या अगदी शेजारचा. सिमेंटचा कारखाना, चुनखडीची खाण, फरशीचा कारखाना यांवर ठिपके चमकले तर आधी हा संशय घ्या. डांबर, प्लास्टिक, काही रंग आणि छतांवरचे लेप यांत हायड्रोकार्बन असतात आणि तेही २३०० च्या आसपास गिळतात. कचरा डेपोवर प्लास्टिकच प्लास्टिक, त्यात काही ठिकाणी कचऱ्यावर प्लास्टिकची अस्तरं घातलेली. म्हणजे जिथे खरा मिथेन अपेक्षित, तिथेच खोटाही दिसणार. सौर पॅनेलची शेतंही अशीच फसवतात. गडद जागांवर, म्हणजे खाडी, ओला चिखल, कांदळवन इथे, प्रकाश कमी म्हणून आकडा उगाच वरखाली उडतो. ठाणे खाडीच्या कडेला दिसणारे ठिपके बहुतेक वेळा याच जातीचे.

तपासण्या अशा करा.

आकार बघा. ‘लोट’ रस्त्याच्या किंवा छताच्या कडेने काटेकोर थांबत असेल तर तो जमिनीचा आहे. वायूला कुंपण माहीत नसतं.

दुसरी तारीख बघा. गळती चालू राहील, पण लोटाची दिशा वाऱ्याबरोबर बदलेल. महिन्याभराने तोच आकार त्याच जागी हुबेहूब दिसला तर तो वायू नाही.

वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश आला त्याचा आलेख, बघा. ही तपासणी थोडी तांत्रिक, पण सगळ्यात खात्रीची. एमिटच्या मूळ दृश्यातून लोटातल्या ठिपक्याचा आणि शेजारच्याच, तशाच जमिनीवरच्या पण लोटाबाहेरच्या ठिपक्याचा वर्णपट काढा आणि एकाला दुसऱ्याने भागा. मिथेन असेल तर २२०० ते २४०० च्या दरम्यान ठरावीक जागी दातेरी खाचा दिसतात. प्लास्टिक किंवा चुनखडी असेल तर रुंद, गुळगुळीत खळगा. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितलेत की पुन्हा गोंधळ होत नाही.

आणि वारा बघा. त्यासाठी वेगळी पायरी लागते.

८. वारा

लोटाची दिशा त्या वेळच्या वाऱ्याशी जुळली नाही तर लोट बाद. इतकं साधं आहे, तरी इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं वेळेचं. सगळी दृश्यं जागतिक वेळेत असतात. साडेपाच तास मिळवा. दृश्याची वेळ ०६:१० असेल तर ती आपल्या पावणेबाराला पाच मिनिटं कमी. सकाळी सहाचा वारा घेऊन बसलात तर सगळं चुकेल.

दुसरं दिशेचं. हवामानखातं ‘वायव्येचा वारा’ म्हणतं तेव्हा तो वायव्येकडून येतो, म्हणजे लोट आग्नेयेला जाणार. पण क्लायमेट डेटा स्टोअरवरच्या ईआरए५ या हवामानाच्या जागतिक संचात वाऱ्याचे दोन घटक दिलेले असतात आणि त्यात पूर्वेकडे जाणारा वारा धन असतो. एकीकडे ‘कुठून’, दुसरीकडे ‘कुठे’.

तिसरं समुद्राचं. हिवाळ्यात मुंबईत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो आणि दिवस चढला की समुद्राकडून जमिनीकडे वळतो. ईआरए५ची चौकट सुमारे ३१ किलोमीटरची आहे. तिच्यात अर्धा समुद्र, अर्धं शहर, त्यामुळे हा पलटा तिला नीट पकडता येत नाही. मुंबई विमानतळाची दर अर्ध्या तासाची हवामाननोंद सार्वजनिक असते, ती काढून ताडून बघा. दोघांचं पटत नसेल, किंवा नेमक्या वारा फिरण्याच्या वेळेचं दृश्य असेल, तर त्या दृश्यावरून उत्सर्जनाचा आकडा काढू नका. लोट दिसला एवढंच लिहा.

९. तासाला किती? आकडा काढायची रीत

एखाद्या रस्त्याच्या तुकड्यावर आत्ता किती गाड्या आहेत, त्या कोणत्या वेगाने जाताहेत आणि तुकडा किती लांब आहे हे कळलं की तासाला किती गाड्या जातात ते काढता येतं. इथेही तसंच. लोटातलं एकूण मिथेन गुणिले वाऱ्याचा वेग, भागिले लोटाची लांबी.

हिशेब करून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतलेत, कोणत्याही खऱ्या जागेचे नाहीत. एमिटचा एक ठिपका ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० चौरस मीटर. त्यात १ पीपीएम-मीटर वाढ म्हणजे साधारण २.४ ग्रॅम मिथेन. समजा लोटात २०० ठिपके आहेत आणि सरासरी वाढ ५०० पीपीएम-मीटर. २०० गुणिले ५०० गुणिले २.४, म्हणजे २४० किलो. लोटाचं क्षेत्रफळ ७,२०,००० चौरस मीटर, त्याचं वर्गमूळ सुमारे ८५० मीटर, ती लांबी धरली. वारा सेकंदाला ३ मीटर. २४० गुणिले ३ भागिले ८५०, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.८५ किलो. तासाला अंदाजे तीन टन.

आता वारा ३ ऐवजी २ धरा: दोन टन. ४ धरा: चार टन. वाऱ्यात एका मीटरचा फरक काहीच नाही, ईआरए५ आणि विमानतळ यांच्यात तो नेहमीच असतो. म्हणून एकच आकडा कधीही देऊ नका, पल्ला द्या. शिवाय अभ्यासक १० मीटर उंचीवरचा वारा तसाच वापरत नाहीत. त्यावरून लोटासाठीचा ‘प्रभावी वेग’ काढतात आणि ते सूत्र उपकरणागणिक बदलतं. तुमचा आकडा कार्बन मॅपरच्या आकड्याशी ताडून बघा. दुपटीच्या आत असेल तर नवख्यासाठी उत्तम.

आणखी एक. तासाचा आकडा ८७६० ने गुणून वर्षाचा करायचा नाही. डेपोतून निघणारा वायू हवेच्या दाबाबरोबर, पावसाबरोबर, नवा कचरा कुठे टाकला त्याबरोबर बदलतो. उपग्रहाने एक क्षण बघितलाय.

१०. विमान आणि ड्रोन

उपग्रहाला ज्या छोट्या गळत्या दिसत नाहीत त्या विमानाला दिसतात. नासाचं एव्हिरिस-एनजी हे उपकरण तीन किलोमीटर उंचीवरून उडवलं तर ठिपका तीन मीटरचा मिळतो. लॉस एंजलिसजवळ अलिसो कॅन्यनच्या भूमिगत वायुसाठ्यातून ऑक्टोबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात सुमारे ९७,००० टन मिथेन सुटला. तेव्हा याच घराण्यातल्या जुन्या उपकरणाने विमानातून आणि हायपेरियन या उपकरणाने उपग्रहावरून तो टिपला. पुढे २०१६ ते २०१८ मध्ये अख्ख्या कॅलिफोर्नियाची विमानपाहणी झाली. एका जागेतून निघणाऱ्या मिथेनपैकी ४१ टक्के कचरा डेपोंचा निघाला, तेलविहिरींच्या राज्यात!

एव्हिरिस-एनजी भारतातही उडालंय, इस्रोच्या बी-२०० विमानातून, २०१५-१६ च्या हिवाळ्यात आणि पुन्हा २०१८ मध्ये. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरच्या वेदास पोर्टलवर त्याची माहिती आहे. ती उड्डाणं मुख्यतः पिकं, खनिजं, किनारे यांसाठी होती, त्यामुळे तुमचा डेपो त्यात असेलच असं नाही. पण वर्णपट हाताळायचा सराव म्हणून मोलाची.

ड्रोनवर लेसरचा मिथेनमापक बसवता येतो. तो १६५३ नॅनोमीटरचा किरण खाली सोडतो आणि परत आलेल्या प्रकाशातली तूट मोजतो. सूर्य लागत नाही हा मोठा फायदा. पण उपकरण महाग आणि परवानगीचं काम वेगळं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा, लाल विभाग बघून घ्या. हिरव्यातही मर्यादा ४०० फुटांची. डेपोच्या मालकाची परवानगी ती वेगळीच.

आणि ड्रोन नसेल तर साधा मापक घेऊन डेपोच्या ढिगावर चढू नका. आत पोकळ्या असतात, वायू पेट घेऊ शकतो, ढीग सरकतो. सप्टेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या गाझीपूर डेपोचा भाग कोसळून दोघांचा जीव गेला होता. वरून बघायचं तंत्र असताना खाली मरायला जायचं कारण नाही.

११. सापडलं तर कुणाला, कसं सांगायचं

एका पानात लिहा: उपकरणाचं नाव, दृश्याचा क्रमांक, तारीख, भारतीय वेळ, वारा कुठून घेतला, खोट्या लोटाच्या कोणत्या तपासण्या केल्या आणि आकड्याचा पल्ला. ‘अमुक दिवशी अमुक वेळी या भागातून मिथेनचा लोट दिसला’ एवढंच वाक्य ठेवा. ‘बेकायदा’, ‘लपवलं’ असले शब्द नकोत. उपग्रहाला कायदा दिसत नाही.

समाजमाध्यमावर टाकण्याआधी हे पान महापालिकेच्या घनकचरा विभागाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा. पोच घ्या. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत भराव जागेवर वायू गोळा करण्याची यंत्रणा बसवण्याची तरतूद होती आणि मिथेनची मर्यादाही दिलेली होती. पत्र लिहिण्याआधी सध्या लागू असलेली नियमावली उघडून तिचाच हवाला द्या.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करा. ‘डेपोतल्या मिथेनबद्दल सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर उत्तरही तितकंच मोघम येईल. लोट दिसला त्या तारखेचं मागा: वायू गोळा करणाऱ्या विहिरी किती आणि त्या दिवशी चालू किती, गोळा झालेल्या वायूची नोंद, तो जाळणारी ज्योत त्या दिवशी किती तास पेटलेली होती, आणि त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी काही बंद होतं का. उत्तराची मुदत ३० दिवसांची. तोवर त्याच जागेची पुढची दृश्यं उतरवत राहा. नोंदवहीत ज्योत बंद असल्याची तारीख आणि तुमच्या वहीतली लोटाची तारीख जुळली, तर पुढचं पत्र लिहिताना वाऱ्याच्या आकड्यावर वाद घालायची गरज उरणार नाही.